आधी जागा, मग लेन्स

गोव्यातल्या मंगेशीच्या देवळात फोटो काढणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. प्रत्यक्षात मान वर करून बघावा लागणारा सात मजली दीपस्तंभ फोटोत आला की मागे कुठेतरी बारका होऊन बसतो आणि पुढे उभी असलेली मावशी तेवढी फ्रेम भरून उरते. दोष लगेच मोबाइलवर जातो. कुणीतरी ‘चांगली लेन्स घे’ म्हणून सुचवतं, आणि लेन्स आल्यावरही दीपस्तंभ तेवढाच राहतो, कारण माणूस तिथेच उभा असतो जिथे आधी उभा होता.

हिशेब करून बघू. समजा मावशी कॅमेऱ्यापासून २ मीटरवर आहेत आणि दीपस्तंभ त्यांच्या मागे आणखी १८ मीटरवर, म्हणजे कॅमेऱ्यापासून २० मीटर. मावशींच्या तुलनेत दीपस्तंभ एक दशांश प्रमाणात उमटणार. आता मावशींना तिथेच राहू द्या आणि तुम्ही मागे जाऊन त्यांच्यापासून १० मीटरवर उभे राहा. दीपस्तंभ २८ मीटरवर गेला. प्रमाण १० ला २८, म्हणजे ०.३६. मावशी फोटोत पूर्वीएवढ्याच मोठ्या हव्यात म्हणून २४ मिमीऐवजी १२० मिमी वापरा, मोबाइलवर साधारण ५ एक्स. (मिमी म्हणजे लेन्सची फोकल लेंथ: आकडा मोठा तितकं दृश्य अरुंद आणि वस्तू मोठी.) मावशी होत्या तेवढ्याच राहिल्या आणि दीपस्तंभ साडेतीन पट वाढला. हे काम केलं पायांनी. झूमने फक्त फ्रेम घट्ट केली.

पर्स्पेक्टिव्ह म्हणजे जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं फोटोतलं परस्पर नातं. ते केवळ कॅमेऱ्याच्या जागेवर ठरतं: किती अंतरावरून, किती उंचीवरून, किती डावी-उजवीकडून. लेन्सचा त्यात काही वाटा नाही हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही, कारण ‘वाइड (कमी मिमीची, रुंद दृश्याची) लेन्स अंतर वाढवते, टेली (जास्त मिमीची) अंतर आवळते’ असं सगळीकडे सांगितलं जातं. त्यात तथ्य एवढंच, की वाइड लेन्स हातात असली की आपण जवळ जातो आणि टेली असली की लांब. परिणाम जवळ-लांब जाण्याचा असतो, श्रेय लेन्स घेते.

पटवून घ्यायला गोव्यातल्या कुठल्याही घरासमोरचं तुळशीवृंदावन पुरे. ते हलत नाही, त्याला कंटाळा येत नाही, मागे घराची भिंत असते आणि दोन्हींमध्ये ठरावीक अंतर असतं. वृंदावन सव्वा मीटर उंच आहे आणि घर त्याच्या मागे ६ मीटरवर, असं धरू. पहिला फोटो १ मीटरवरून २४ मिमीने. दुसरा २ मीटरवरून ४८ मिमीने. तिसरा ४ मीटरवरून ९६ मिमीने. अंतर दुप्पट, फोकल लेंथ दुप्पट, त्यामुळे वृंदावन तिन्ही फोटोंत सारखंच. मागचं घर मात्र दर वेळी पुढे सरकत येतं. पहिल्यात वृंदावनाशी त्याचं प्रमाण १ ला ७ होतं, तिसऱ्यात ४ ला १०, म्हणजे पावणेतीन पटींहून थोडं जास्तच. पहिल्या फोटोत अख्खं घर, छपराची कौलं, बाजूचा माड, सगळं वृंदावनाच्या आजूबाजूला पसरलेलं. तिसऱ्यात फक्त एक खिडकी आणि तिच्या चौकटीचा रंग. पहिल्यात घर कुणाचं आहे ते कळतं, तिसऱ्यात वृंदावनावरची नक्षी आणि पणतीच्या कोनाड्यातली काजळी.

मग चौथा फोटो काढायचा, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा: ४ मीटरवर उभं राहूनच, पण २४ मिमीने. घरी येऊन त्याचा मधला भाग तिसऱ्या फोटोएवढा कापायचा. दोन्ही शेजारी ठेवले तर खिडकी वृंदावनाच्या मागे अगदी त्याच ठिकाणी, त्याच आकाराची दिसेल. फरक फक्त दर्जाचा. लांबी-रुंदी दोन्ही चौथाई झाल्यामुळे पिक्सेल एक षोडशांश उरतात, ४८ मेगापिक्सेलचे ३. एवढ्यावर लेन्सबद्दलचा वाद संपतो.

मोबाइलवर हा प्रयोग करताना एक अडचण येते आणि बहुतेकांना ती कळतही नाही. वस्तू फार जवळ आली की अनेक फोन न सांगता मुख्य लेन्स सोडून अल्ट्रावाइडवर, म्हणजे सगळ्यांत रुंद लेन्सवर, उडी मारतात, मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळचं टिपण्यासाठी. उजेड कमी असला की ५ एक्सचं बटण दाबूनही काही फोन टेली लेन्स न वापरता मुख्य सेन्सरचाच (प्रतिमा टिपणाऱ्या चिपचाच) मधला भाग ताणून देतात. त्यामुळे मॅक्रोची आपोआप होणारी अदलाबदल सेटिंगमध्ये बंद करावी आणि प्रत्येक फोटोच्या तपशिलात कुठली लेन्स, किती मिमी हे बघावं. तिथे लिहिलेलं खरं, स्क्रीनवरचं बटण नव्हे. आणि प्रयोग दिवसाउजेडी करावा.

चेहऱ्याचं गणितही हेच. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असला तर कान ४२ वर. नाक कानाच्या तुलनेत १.४ पट फुगतं. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला तर प्रमाण १६२ ला १५०, फुगवटा फक्त ८ टक्के. सेल्फीत नाक मोठं आणि कान गायब होतात ते यामुळे, आणि पोर्ट्रेटसाठी ८५ मिमी सुचवतात तेही यामुळेच. त्या लेन्सने चेहरा फ्रेममध्ये नीट बसवायला दीड-दोन मीटर लांब उभं राहावंच लागतं. दीड मीटरवरून मुख्य लेन्सने काढून मग कापलं तरी चेहरा तितकाच प्रमाणात येतो.

ग्रुप फोटोचं दुखणं वेगळं, आणि इथे मात्र लेन्स खरोखर दोषी असते. सरळ रेषा सरळ ठेवणारी वाइड लेन्स कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. २४ मिमीच्या आडव्या फ्रेमच्या अगदी कडेला हा ताण साधारण सव्वा पट असतो, १३ मिमीच्या अल्ट्रावाइडला दीड पटीच्याही वर. काही फोन चेहरे ओळखून ते सावरायला बघतात, तेव्हा मागच्या भिंती वाकतात. लग्नात मांडवाची जागा अपुरी म्हणून अल्ट्रावाइड लावला जातो आणि नेमके कडेला उभे असलेले काका-काकू आडवे पसरतात. मग ते फोटोवाल्याला बोलतात आणि त्यांचं बरोबरच असतं. उपाय सोपा आहे: एका लांब रांगेच्या दोन रांगा करा, खुर्च्या मागवा, आणि दोन्ही कडांना एकेका माणसाएवढी जागा रिकामी सोडा. वाइड लेन्सच्या कडेला खांब, झाडं, समई चालते. माणूस नको.

अंतरानंतर येते उंची. या बाबतीत गोव्यासारखी शाळा मिळणं कठीण, कारण समोर समुद्र आहे आणि क्षितिजाची रेष कायम आखलेली असते. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्याच उंचीवर असतं. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर सपाट वाळूवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला क्षितिज दीड मीटरवरच छेदणार, मग तो ३ मीटरवर असो वा ३० मीटरवर. मिरामारच्या वाळूत काढलेल्या शेकडो फोटोंत समुद्राची रेष गळ्यातून आरपार गेलेली दिसते ती याचमुळे. काढणाराही उभा, समोरचाही उभा, दोघांची उंची जवळपास सारखी. गळ्याची उंची आणि डोळ्यांची उंची यात वीतभराचंच अंतर, आणि वाळू पाण्याकडे थोडी उतरती असली तर तेही इकडचं तिकडे होतं. समोरचा माणूस ३० सेंटिमीटर खालच्या पातळीवर उभा असेल तर रेष त्याच्या अंगावर ३० सेंटिमीटर वर चढते, बहुतेकदा कपाळावर.

इथे सुटका दोन दिशांना आहे. गुडघे टेकून कॅमेरा ८०-९० सेंटिमीटरवर आणला की रेष कमरेला जाते आणि डोकं, खांदे, हात मोकळ्या आकाशात येतात. आकृती स्पष्ट हवी असेल, संध्याकाळचा काळा आकार हवा असेल, तर हाच रस्ता. नाहीतर वर चढायचं. दोनापावलाच्या टेकाडावरून, रेइश मागुशच्या किल्ल्याच्या तटावरून, निदान बांधाच्या भिंतीवरून. मग माणूस पूर्ण पाण्याच्या किंवा वाळूच्या पार्श्वभूमीवर येतो आणि क्षितिज त्याच्या डोक्याच्या वर निघून जातं. मधल्या उंचीवरून काढलेला फोटो मात्र बहुतेक वेळा ना इकडचा ना तिकडचा.

या नियमाचा उलट उपयोग जास्त मोलाचा. जुना फोटो उघडा आणि क्षितिज माणसाला कुठे कापतंय ते बघा. काढणारा किती उंचीवरून बघत होता ते सेंटिमीटरमध्ये सांगता येतं. चुकलेला फोटो म्हणजे उभं राहण्याच्या जागेची लेखी नोंद असते. बहुतेक जण ती वाचण्याआधीच डिलीट करतात.

खालून काढताना किनाऱ्यावर दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, पुढचा दगड किंवा शिंपला धूसर येतो. फुल फ्रेम (मोठ्या, ३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी, एफ ११ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा तितकं छिद्र लहान) आणि फोकस पावणेदोन मीटरवर ठेवला तर साधारण ९० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट मिळतं. त्याहून जवळची, समजा ४० सेंटिमीटरवरची वस्तू यात बसत नाही. एफ १६ केलं तरी जवळची हद्द ६० सेंटिमीटरपर्यंतच येते. मग कॅमेरा न हलवता दोन फोटो काढायचे, एक जवळ फोकस करून आणि एक लांब, आणि नंतर जोडायचे. लाटा असतील तर जोड दिसतो, तेव्हा वस्तूच थोडी लांब घेणं शहाणपणाचं. दुसरं बिघडतं ते ट्रायपॉडचं. लाट परतताना पायांखालची वाळू काढून नेते, एक पाय दोन बोटं खचतो आणि लेव्हल करून ठेवलेलं क्षितिज कलतं. समुद्राची रेष एक अंश जरी कलली तरी डोळ्यांना लगेच खटकते. आधीच पाय दाबून, फिरवून १०-१५ सेंटिमीटर वाळूत रोवावेत, एक-दोन लाटा जाऊ द्याव्यात, मग पुन्हा लेव्हल बघावी. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवायचे. खारं पाणी सांध्यात वाळलं की पुढच्या वेळी पाय उघडतच नाहीत.

आता पुन्हा उंच वास्तूंकडे. पणजीच्या पांढऱ्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चसमोर, नागमोडी जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून कॅमेरा वर केला की चर्च मागे कोसळतंय असं दिसतं. उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. कारण एकच, सेन्सर इमारतीला समांतर राहिला नाही. कॅमेरा जितका वर कलेल तितक्या रेषा मिटतील. मोबाइलवर ग्रिड आणि लेव्हल सुरू करून कॅमेरा अगदी सरळ धरला तर रेषा उभ्या राहतात, पण इमारतीचा वरचा भाग फ्रेमबाहेर जातो आणि खाली अर्धी फ्रेम नुसती जमीन. तेव्हा मागे जायचं. किती, तेही आधी काढता येतं. २४ मिमी, कॅमेरा उभा आणि सरळ, हातात दीड मीटरवर. वास्तू १५ मीटर उंच असेल तर साधारण १८ ते २० मीटर मागे जावं लागेल. खालची जमीन नंतर कापून टाकायची, किंवा तिथे काहीतरी असू द्यायचं: पायऱ्यांवरची माणसं, पावसाचं साचलेलं पाणी, फुलवालीची टोपली. समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर गॅलरी मिळाली तर सोन्याहून पिवळं. वास्तूच्या एक तृतीयांश ते निम्म्या उंचीवरून कॅमेरा न कलवता सगळं मावतं. मात्र ८ डिसेंबरच्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, सुमाराला चर्चसमोर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते आणि उभं राहायच्या नेमक्या जागी दुकानं लागलेली असतात.

मागे जागाच नसेल तर सॉफ्टवेअर आहे. स्नॅपसीड, लाइटरूम, फोनची स्वतःची गॅलरी, सगळ्यांत उभ्या रेषा सरळ करायची सोय असते. ती फोटोचा वरचा भाग ताणते आणि कडा कापते. म्हणून काढतानाच चहूबाजूंना फ्रेमचा पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा, नाहीतर सरळ करताना क्रूस किंवा कळसच कापला जातो. आणि शंभर टक्के सरळ करू नये. खालून वर बघताना इमारत थोडी निमुळती दिसण्याची डोळ्यांना सवय असते. पूर्ण सरळ केली की माथा जड, फुगलेला दिसतो. ऐंशी टक्क्यांवर थांबावं.

याच रेषांचा वेगळा उपयोग करायचा असेल तर मात्र संकोच नको. कॅमेरा ५-१० अंश कललेला असला की चूक वाटते. माडाच्या बुंध्याला टेकून लेन्स जवळजवळ सरळ आभाळाकडे केली, की झावळ्यांचं चक्र आणि निमुळते होत गेलेले बुंधे हाच विषय होतो. मुद्दाम करायचं तर इतकं करावं की कुणालाही अपघात वाटू नये.

पांढऱ्या रंगाची वेगळी गोम आहे, ती ओघात सांगून टाकू. कॅमेऱ्याचं मीटर समोर दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं मानून प्रकाश मोजतं. पांढऱ्या भिंतीने फ्रेम भरली की ते घाबरून फोटो काळपट करतं. चर्च किंवा चुन्याचा दीपस्तंभ असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) अधिक १ ते अधिक दीडपर्यंत न्यावं आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला आपटत नाही ना ते बघावं. मोबाइलवर भिंतीवर बोट टेकवून बाजूचं सूर्याचं चिन्ह वर सरकवलं की तेच होतं. जांभ्या दगडाचा, गिलावा नसलेला जुन्या गोव्यातला बॉम जेझू चर्च मात्र उगाच उजळवू नये. त्याचा तांबूस रंगच जातो.

चर्चच्या जिन्यासारखी सममित रचना मधोमध आणायची तर अंदाजाने उभं राहून भागत नाही. दोन वेगवेगळ्या अंतरांवरच्या खुणा निवडा, एक जवळची आणि एक लांबची, दोन्ही वास्तूच्या मध्यरेषेवरच्या. उदाहरणार्थ खालच्या जिन्याचा मध्य आणि वरच्या घंटेचा मध्य. त्या एकाखाली एक येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग खिडकीची खालची आणि वरची आडवी रेष बघा. त्या एका बाजूला मिटत असतील तर तुम्ही मध्यावर आहात, पण कॅमेरा वळलेला आहे. उभ्या रेषा कॅमेरा वर-खाली किती कलला ते सांगतात आणि आडव्या रेषा डावी-उजवीकडे किती वळला ते. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलसमोर हा खटाटोप करणाऱ्यांचं मात्र नवल वाटतं. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. तिथे तिरकं उभं राहून उरलेल्या मनोऱ्याला त्याचं वजन द्यावं.

डावी-उजवीकडच्या चुका सगळ्यांत स्वस्तात सुधारतात, तरी सगळ्यांत जास्त त्याच राहून जातात. डोक्यातून उगवलेला माड, कानातून गेलेली विजेची तार, गणपतीच्या मखरामागून डोकावणारा पंखा. समोरचा माणूस २ मीटरवर आणि माड २० मीटरवर असेल, तर तुम्ही ३० सेंटिमीटर बाजूला सरकल्यावर माणसाच्या मागचा माड तब्बल २ मीटर ७० सेंटिमीटर सरकतो. एका छोट्या पावलात काम झालं. पण माणूस १० मीटरवर आणि माड २८ मीटरवर असेल तर तेवढ्याच सरकण्याने माड जेमतेम ५४ सेंटिमीटर हलतो. टेलीने लांबून काढणाऱ्याला चांगली पाच पावलं चालावं लागतं आणि नेमका तोच आळस करतो.

पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत सरकायलाही वाव नसतो. समोरासमोरची घरं इतकी जवळ की पूर्ण दर्शनी बाजू सरळ उभं राहून मावतच नाही. अल्ट्रावाइडने कोंबली की बाल्कनीचे कठडे कडांना ताणले जातात. तिथे एका भिंतीला पाठ लावून गल्लीच्या दिशेने बघावं आणि निळ्या-पिवळ्या भिंतींच्या आडव्या रेषा लांब एका बिंदूला मिळू द्याव्यात, नाहीतर एकच खिडकी, तिचे शिंपल्यांचे तावदान आणि खालची पांढरी पट्टी एवढंच घ्यावं. आणि ती राहती घरं आहेत. कुणाच्या दारातल्या पायरीवर बसून पोझ द्यायची तर आधी विचारावं.

तळहातावर सूर्य ठेवलेले फोटो किनाऱ्यांवर रोज निघतात आणि रोज फसतात. त्यातही अंतराचाच घोळ. सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्धा अंश जागा व्यापतं. समोरच्याचा हात तुमच्यापासून २ मीटरवर असेल तर सूर्य त्या हातावर जेमतेम २ सेंटिमीटरचा, नाण्याएवढा दिसणार. १० सेंटिमीटरचा तळहात भरायला हात तुमच्यापासून ११ मीटरवर हवा. माणसाच्या उंचीचा सूर्य त्याच्या मागे उभा करायचा असेल तर त्याच्यापासून पावणेदोनशे मीटर लांब जावं लागतं, आणि तेवढ्या लांबून तो फ्रेममध्ये दिसण्यासाठी ४०० मिमी किंवा अधिकची लेन्स. ४०० मिमीवरही सूर्य सेन्सरवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपासच उमटतो. हाताच्या फोटोला सांगणारा माणूस तिसरा लागतो, कारण ११ मीटरवरून ‘अजून थोडा वर’ हे लाटांच्या आवाजात ऐकू जात नाही. सूर्य पाण्याला टेकत आला, लाल झाला, की शेवटच्या चार-पाच मिनिटांत हे करायचं. त्याआधी डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून टेली लेन्सने सूर्याकडे बघू नये, डोळ्याला कायमची इजा होते. स्क्रीनवर बघावं.

सूर्याची जागाही बदलत असते, तीही थोडीथोडकी नाही. गोव्याच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरीस सूर्य पश्चिमेच्या २४ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनअखेरीस तेवढाच उत्तरेला. वर्षभरात मावळतीची जागा सुमारे ४९ अंश फिरते. एप्रिलमध्ये हुकलेला फोटो डिसेंबरात त्याच जागेवरून मिळणार नाही, त्यासाठी उभं राहण्याची जागा बदलावी लागेल किंवा ऑगस्टपर्यंत थांबावं लागेल, आणि ऑगस्टात ढग असतात. ओहोटीचंही तसंच. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या, पाण्यातलं प्रतिबिंब किंवा किनाऱ्यावरचे उघडे खडक त्याच घड्याळी वेळेला पुन्हा मिळायला सुमारे पंधरा दिवस जावे लागतात. चूक सुधारायला परत जाणारा माणूस हे बघत नाही आणि ‘त्या दिवशी काहीतरी वेगळंच होतं’ म्हणत परततो.

परत जाण्याआधी चूक कुठल्या जातीची आहे ते ठरवावं लागतं. हात हलला, फोकस चुकला, उजेड कमी पडला, या चुका कॅमेऱ्याच्या आकड्यांत दिसतात आणि त्यांचं औषधही आकड्यांतच असतं. बेतीच्या फेरीबोटीत कठड्याला कोपर टेकवलं की इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात जाते. कोपर सोडवा, शटर एक पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, न्या, विषय संपला. यातून शिकण्यासारखं फार नसतं. जागेच्या चुका आकड्यांत दिसत नाहीत. त्यासाठी फोटो मोठ्या स्क्रीनवर लावून वाचावा लागतो. क्षितिज कुठे कापतंय, उभ्या रेषा कुठल्या बाजूला मिटतायत, मागचं पुढच्यावर कुठे चढलंय, पुढच्या-मागच्याचं प्रमाण काय. चार प्रश्नांत उभं राहण्याची जागा कळते. फोटो ठिकाणांच्या नावाने साठवण्यापेक्षा वाया गेलेल्यांची वेगळी फोल्डरं त्या-त्या चुकीचं नाव देऊन ठेवावीत: ‘गळ्यात क्षितिज’, ‘मागचं बारीक’, ‘डोक्यात माड’. कुठलं फोल्डर सगळ्यांत फुगलंय ते महिन्या-दोन महिन्यांत कळतं आणि बऱ्याचदा ते आपल्या अंदाजापेक्षा वेगळं निघतं. परत गेल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अंतर बदललं तर उंची तीच ठेवायची. एकदम तीन गोष्टी बदलून फोटो सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कळत नाही.

तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळावर हे सगळं एकाच ठिकाणी तपासता येतं. कदंबांच्या काळातलं काळ्या बेसाल्टचं हे छोटंसं देऊळ, पुढे खांबांचा मंडप, मग अंतराळ (मंडप आणि गाभारा जोडणारा भाग), मग गाभारा आणि त्यावरचं शिखर, असं एका ओळीत पूर्वेकडे तोंड करून आहे. शिखर मागच्या टोकाला. समोरून जवळ जाऊन अल्ट्रावाइडने काढलं की मंडप अवाढव्य होतो आणि शिखर त्याच्या छपरामागे बुडतं. इथे आधी समोरून मागे मागे जायचं, शिखर छपराच्या वर डोकं काढेपर्यंत, आणि तिथून ७० ते १०० मिमी लावायचे. नंतर ईशान्येच्या किंवा आग्नेयेच्या कोपऱ्यात जायचं, म्हणजे मंडप, अंतराळ आणि गाभारा एकामागून एक सुटे दिसतात. कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवला तर जोतं भक्कम दिसतं. उभ्याने काढलं तर पुढच्या हिरवळीलाच जास्त जागा जाते. दर्शनी बाजूला उजेड सकाळीच मिळतो. दुपार कलली की सूर्य शिखरामागे जातो आणि काळा दगड नुसता काळा ठिपका होतो. काळ्या दगडाला पांढऱ्या चर्चच्या उलट, उणे अर्धा ते उणे पाऊण कॉम्पेन्सेशन लागतं, नाहीतर मीटर त्याला राखाडी करून टाकतं. पावसाळ्यात दगड ओला असताना चमक मारतो, तेव्हा पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) फिरवून बघावा. वातानुकूलित गाडीतून कॅमेरा थेट जंगलाच्या दमट हवेत काढला तर काच वीस-पंचवीस मिनिटं धुरकट राहते. पोचायच्या अर्धा तास आधी गाडीतला एसी बंद करून खिडक्या उघडाव्यात.